शलाकेचे काटे

त्या राज्यात दाद मागायची तर काटा लागे. न्यायासनापुढच्या मातीत सायाळीचा काटा रोवल्याशिवाय कोणतेही गाऱ्हाणे ऐकले जात नसे, म्हणून सगळ्यांची गाऱ्हाणी सायाळीच मांडत. उपटलेला काटा पुन्हा उगवे, पण पोट भरलेले असेल तरच. तेव्हा ज्याचे गाऱ्हाणे त्याने आपल्या सायाळीला कंद पुरवायचे, असा रिवाज होता, आणि तो बरा चालला होता.

मग गव्यांनी तळ्याला कुंपण घातले. तळे कुणा एकाचे नव्हते. ते सगळ्यांचे होते. ससे, माकडे, हरणे डबक्यातले गढूळ पाणी पिऊ लागली. पाडसे आजारी पडली. तेव्हा एक हरिणी शलाका नावाच्या सायाळीच्या बिळाशी आली.

"ताई, तू बोल आमच्यासाठी. पिल्लू मान वर करत नाही गं."

"बोलेन. पण कंद?" विचारताना शलाकेला ओशाळल्यासारखे झाले.

"सगळे मिळून देऊ की."

शलाका उभी राहिली. न्यायासनावर एक वृद्ध कासव होते. अवघड प्रश्न आला की ते मान कवचात ओढून घेई आणि ती बाहेर येईपर्यंत ऋतू पालटे. गव्यांच्या बाजूने तीक्ष्णा नावाची धष्टपुष्ट सायाळ होती. गवे तिला रोज ताजे कंद आणून देत, आणि ती काट्यामागून काटा रोवत जाई. हे तळे आहे की मोठे डबके? हरणांना तहान लागते, याला पुरावा काय? प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरासाठी शलाकेला पाठीचा एक काटा उपटावा लागे. इकडे सशांना वाटे, माकडे कंद देत असतील. माकडांना वाटे, ससे देत असतील. हरिणी तेवढी खुरांनी उकरून मिळेल ते आणी.

शेवटी कासवाने मान बाहेर काढली आणि तळे सर्वांचे असल्याचे सांगितले. कुंपण निघाले. त्या दुपारी सगळे राज्य पाण्यावर लोटले.

शलाका न्यायासनापुढेच थांबली होती. तिची पाठ जागोजागी उघडी पडली होती. तिने आणखी एक काटा उपटून मातीत रोवला.

"न्यायमूर्ती, ज्यांनी तळे अडवले, त्यांनीच माझे कंद द्यावेत."

तीक्ष्णा हसली नाही. तिने सुस्कारा सोडला. "जनहिताचे काम म्हणजे पुण्य. पुण्याचा मोबदला मागितला, तर त्याला पुण्य कसे म्हणायचे?"

तळ्यावरून परतलेल्यांनी माना डोलावल्या. त्यांच्या ओठांवरून अजून पाणी ठिबकत होते.

कासवाने मान आत घेतली. पुष्कळ दिवसांनी ते म्हणाले, "मागणी रास्त आहे. गव्यांनी कंद द्यावेत. मात्र किती, ते तपासावे लागेल."

मग तीक्ष्णा शलाकेचे काटे एकेक करून पाहू लागली. हा गरजेपेक्षा खोल रोवला आहे. हा वाकडा आहे. इथे अर्ध्या काट्यात भागले असते. तिने स्वतः दुप्पट काटे रोवले होते. त्यांच्याविषयी कुणी विचारले नाही. आणि तिच्या प्रत्येक हरकतीला उत्तर द्यायचे, तर पुन्हा एक काटा हवा होता.

शलाकेने पाठ चाचपली.

"राहू द्या," ती म्हणाली. "जे देत असाल ते द्या."

गव्यांनी ओंजळभर वाळके कंद पुढे ढकलले. वाटेत हरिणी भेटली.

"ताई, रागावलीस आमच्यावर?"

"नाही गं. थकले."

पुढे शलाका टेकडीपलीकडे राहायला गेली. तिथे कोल्हे आणि तरस यांचे हाडांवरून तंटे चालत, आणि ते ठरलेले कंद वेळेवर देत. तिच्या पाठीवर पुन्हा काटे आले, चांगले दाट.

एका उन्हाळ्यात मिठाच्या खडकाकडे जाणाऱ्या वाटेवर गव्यांनी बाभळीची एक फांदी आडवी टाकली. एकच. ससे, माकडे, हरणे तिच्यापुढे जमली. "कुणीतरी बोलायला हवं," एक माकड म्हणाले. सगळ्यांना ते पटले. मग एक ससा बाजूच्या गवतात शिरला, आणि त्याच्यामागून दुसरा.

संध्याकाळपर्यंत फांदीला वळसा घालणारी नवी पायवाट चांगली मळली होती.