तिळीचं पायडल

बसा मांडी घालून. हात मांडीवर. शेपटी असेल तर तीही आवरून घ्या.

एक होतं चिचुंद्रीचं कुटुंब. चिचुंद्री ठाऊक आहे ना? नाक लांब, डोळे बारीक, आणि वास... जाऊ द्या!

त्यांची होती एक सायकल. लांबच लांब! तिला पाच सीटा. पुढे बाबा. मग आई. मग वाटाणा दादा. मग मसुरा ताई. आणि सगळ्यात मागे, एवढीशी तिळी.

पायडलं होती चिंचोक्यांची. काळी काळी, चकचकीत.

पडू नये म्हणून काय करायचं? पुढच्याची शेपटी तोंडात धरायची. आईच्या तोंडात बाबांची शेपटी. दादाच्या तोंडात आईची. ताईच्या तोंडात दादाची. तिळीच्या तोंडात ताईची.

आणि तिळीची शेपटी? ती कोणीच धरत नसे. तिच्या मागे कोणी नव्हतंच. तिळीला त्याचं वाईट वाटायचं.

आज सगळे निघाले होते मामाकडे. मामाचं घर टेकडीवर. मामाकडे बाळ आलं होतं. आज त्याचं बारसं!

बाळाच्या कानात नाव कोण सांगणार? आत्या. बाळाची आत्या कोण? तिळीची आई! आई पोचली नाही, तर बाळाला नाव नाही.

ट्रिंग ट्रिंग! चाकं फिरली गरगर. सायकल लागली चढायला. आणि अर्ध्या चढणीवर...

टक्!

तिळीचं पायडल निसटलं. टुण टुण टुण, गेलं खाली!

तिळी ओरडणार कशी? तोंडात ताईची शेपटी! ती म्हणाली, "उंऽऽ! उंऽऽ!"

सगळ्यांना वाटलं, तिळी गाणं म्हणतेय.

मग सायकल थांबली. हलेना की डुलेना.

बाबा म्हणाले, "पाच जणांची सायकल. चौघांनी कशी चढेल?"

आई म्हणाली, "आम्ही सायकल धरून ठेवतो. सोडली तर घसरेल. तिळे, तूच जा, बाळा. पायडल घेऊन ये."

तुरु तुरु तुरु! तिळी आली खाली. पायडल पडलं होतं खेकड्याच्या बिळापाशी. खेकड्याने ते बिळाला लावलं होतं. घट्ट!

"खेकडेकाका, खेकडेकाका, पायडल द्या ना!
सायकल चढेना,
बाळाला नाव मिळेना!"

खेकडा म्हणाला, "मी नाही देणार. बिळात ऊन येतं. हे माझं दार आहे दार! पाटाचं पाणी आण. बीळ गार होऊ दे. मग देतो."

तुरु तुरु तुरु! तिळी गेली पाटाकडे. शेताला पाणी नेतो ना, तो पाट.

"पाटदादा, पाटदादा, पाणी सोडा ना!
खेकडा पायडल देईना,
सायकल चढेना,
बाळाला नाव मिळेना!"

पाट म्हणाला, "मी नाही सोडणार. सोडू तरी कसं? माझ्यात म्हैस बसलीय. आडवी! तिला उठव. मग सोडतो."

तुरु तुरु तुरु! तिळी गेली म्हशीकडे.

"म्हैसमावशी, म्हैसमावशी, उठा ना!
पाट वाहेना,
खेकडा पायडल देईना,
सायकल चढेना,
बाळाला नाव मिळेना!"

म्हैस म्हणाली, "हंऽऽऽ." मग पुष्कळ वेळाने म्हणाली, "मी नाही उठणार. उठलं की माश्या चावतात. बगळ्याला आण. तो माश्या खाईल. मग उठते."

तुरु तुरु तुरु! तिळी गेली बगळ्याकडे. बगळा बांधावर उभा होता. एका पायावर.

"बगळोबा, बगळोबा, या ना!
म्हैस उठेना,
पाट वाहेना,
खेकडा पायडल देईना,
सायकल चढेना,
बाळाला नाव मिळेना!"

बगळा म्हणाला, "मी नाही येणार. डोकं तापलंय माझं. पळसाचं पान आण. त्याची टोपी घालीन. मग येतो."

बघा! टोपी हवी म्हणे शहाण्याला!

तुरु तुरु तुरु! तिळी गेली पळसाकडे.

"पळसआजोबा, पळसआजोबा, पान द्या ना!
बगळा येईना,
म्हैस उठेना,
पाट वाहेना,
खेकडा पायडल देईना,
सायकल चढेना,
बाळाला नाव मिळेना!"

पळस म्हणाला, "मी नाही देणार. एका देठाला माझी पानं तीन. तिन्ही लाडकी. कुठलं देऊ? वाऱ्याला आण. तो पाडेल ते तुझं."

तुरु तुरु तुरु! तिळी वाऱ्याला शोधत निघाली. वारा होता टेकडीच्या पायथ्याशी. गवतात झोपला होता. घुर्र फूस! घुर्र फूस!

"वारोबा, वारोबा, उठा ना!
पळस पान देईना,
बगळा येईना,
म्हैस उठेना,
पाट वाहेना,
खेकडा पायडल देईना,
सायकल चढेना,
बाळाला नाव मिळेना!"

वारा म्हणाला, "मी नाही उठणार. कोणी जवळून सुसाट गेलं, तरच मला जाग येते." आणि पुन्हा घुर्र फूस!

आता विचारायचं कोणाला? कोणीच उरलं नव्हतं. तिळीला रडू आलं. नाकाच्या टोकावरून आसू टपकला. टप्!

तिने नाक पुसलं. वर पाहिलं. चढणीवर बाबा होते, आई होती, दादा होता, ताई होती. चौघांनी सायकल धरून ठेवली होती.

सुसाट जाणारं कोण? अगं बाई! आपली सायकल!

तुरु तुरु तुरु तुरु! तिळी धावली वर.

"बाबा बाबा, आई आई, सायकल सोडा ना!
वारा उठेना,
पळस पान देईना,
बगळा येईना,
म्हैस उठेना,
पाट वाहेना,
खेकडा पायडल देईना,
सायकल चढेना,
बाळाला नाव मिळेना!"

"सोडू?" बाबा म्हणाले. "एवढी चढवली, ती सोडू?"

"माझे हात दुखले धरून!" दादा म्हणाला.

"पुन्हा पहिल्यापासून?" ताई म्हणाली.

आईने तिळीकडे पाहिलं. तिळीच्या पायांना माती. नाकाला माती. आई म्हणाली, "एवढी वणवण करून आलीय लेकरू. ती सांगते, तर सोडायची. बसा सगळे! शेपट्या धरा!"

पाच जण बसले. शेपट्या धरल्या. आणि दिली सोडून...

सूऽऽऽऽऽऽऽ!

सायकल आली सुसाट. वाऱ्याच्या कानाजवळून गेली. गवतात थांबली. धप्प!

"कोण आहे? कोण आहे?" वारा खडबडून जागा झाला.

मग काय!

वारा उठला, सळसळ सळसळ.
पळसाने पान दिलं, भिरभिर भिरभिर.
बगळ्याने टोपी घातली आणि आला, ढांग ढांग.
म्हशीवर बसला, माश्या खाल्ल्या, मटामट.
म्हैस उठली, डुबुक!
पाट वाहिला, खळखळ खळखळ.
बीळ झालं गार गार.
आणि खेकड्याने पायडल दिलं!

"घे गं बाई," खेकडा म्हणाला. "दार छान होतं. पण तुझं आहे."

बाबांनी पायडल बसवलं. टक्! पाच जण बसले. शेपट्या धरल्या. ट्रिंग ट्रिंग! चाकं फिरली गरगर. वारा म्हणाला, "थांबा, मी ढकलतो." तिळीने पाय मारले. जोरात, जोरात, अजून जोरात!

सायकल चढली!

"उंऽऽ! उंऽऽ!" तिळी म्हणाली. या वेळी खरंच गाणं होतं.

मामाकडे पाळणा सजला होता. फुलं लावली होती. घुगऱ्या शिजल्या होत्या. पाळण्यात बाळ होतं. इतकं लहान, इतकं लहान, की तिळी बघतच राहिली.

"आत्याबाई, या लवकर," मामी म्हणाली. "बाळ बिननावाचं बसलंय."

आई पाळण्याजवळ गेली. वाकली. आणि पुन्हा उभी राहिली.

"तिळे, इकडे ये," आई म्हणाली. "आज मी इथे आले ती तुझ्यामुळे. नाव तू सांग."

तिळीने विचार केला. वाटाण्याहून मसूर लहान. मसुरेहून तीळ लहान. आणि तिळाहून लहान काय बरं?

तिळी वाकली. बाळाच्या कानाला नाक लावलं. "कुर्रर्र! खसखस!"

सगळे हसले. सगळ्यांना आवडलं. बाळ खसखस! खसखस बाळ!

सगळ्यांनी घुगऱ्या खाल्ल्या. तिळीने सगळ्यात जास्त खाल्ल्या. मग ती जायला वळली. पण तिला पुढे जाता येईना. कोणीतरी मागून ओढत होतं.

तिळीने मागे पाहिलं.

खसखशीने तिची शेपटी तोंडात धरली होती. घट्ट.

तिळी हलली नाही. मुळीच हलली नाही. हळूच म्हणाली, "धर हं बाळा. सोडू नकोस. मी तुझी ताई."

संपली गोष्ट. आता सोडा शेपट्या!