दुःखातली सोबत

"...मग इंग्रजीत काय सांगितलंस तिला?" मटार सोलता सोलता आश्रम चालवणाऱ्या अक्कांनी विचारलं.

यशोधन सरसावून बसला. पाचगणीच्या त्या आश्रमात स्पॅनिश येणारा तो एकटाच, आणि ते तो कुणाला विसरूही देत नसे. परदेशी साधकांचा वर्ग अक्का आता आपल्याकडे सोपवतील, अशी त्याला मोठी आशा होती.

पहाटे आश्रमातल्या हेलनचा नवरा गेला होता. हेलन आयर्लंडची. तिला भेटायला पेरूच्या रोसारिओबाई आल्या. त्यांना इंग्रजीचा गंध नाही, हिला स्पॅनिशचा. मध्ये यशोधन.

"बाई म्हणाल्या, तुझ्या दुःखात मी तुझ्या सोबत आहे. कुणी गेलं की तिकडे सगळेच असं म्हणतात, अक्का. शब्दाला शब्द लावला असता तर हसं झालं असतं. मी आपलं 'मनःपूर्वक सहवेदना' करून टाकलं. चपखल!"

"बरं. मग?"

"मग काय? काम झालं, निघालो."

"निघताना काही बोललास?"

"'येतो, उद्या भेटू' म्हटलं. इंग्रजीतच."

अक्कांचे हात थांबले.

"तुझे वडील गेले तेव्हा भेटायला आलेली माणसं निघताना काय म्हणायची रे?"

यशोधनने तोंड उघडलं, आणि...

काहीच म्हणायची नाहीत. घरात माणूस गेलं असताना 'येतो' म्हणायचं नसतं. शेजारचे गोडसेकाका तर दुपारभर त्याच्याजवळ भिंतीला टेकून बसले होते. अवाक्षर काढलं नव्हतं त्यांनी. केव्हा उठून गेले, तेही कळलं नव्हतं. त्या दिवशी तेवढाच काय तो आधार वाटला होता त्याला.

शेंबड्या पोराला कळतं ते आपल्याला कळू नये? नुसती भाषा बदलली, तर एवढं विसरलो? त्याची कानशिलं तापली. मान वर करवेना.

"रोसारिओबाई... त्याही निघाल्या असतील ना?"

"तिथंच आहेत. सकाळपासून."

"पण मी नसताना त्या दोघी बोलणार कशा..."

आपलेच शब्द कानावर पडले आणि त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग तो धडपडत उठला.

"मी आत्ता जातो, अक्का. हेलनची माफी मागतो. नीट, चांगल्या इंग्रजीत..."

अक्कांनी पुढची शेंग उचलली.

"जा. तोंड इथं ठेवून जा."