गोजराचा दोर

एक होता विहिरी खणणारा हैबती, एक त्याची बायको गोजरा आणि एक त्यांचं गाढव. आज या गावात, उद्या त्या गावात. घर म्हणून काही नव्हतंच.

गोजराचा जीव सदा घाईत. चूल विझायच्या आत ती चालू लागायची. पन्नास हातांचा दोर कसातरी गोळा करून टोपलीत कोंबायची.

हैबती रोज सांगायचा, "गोजरे, आधी दोन्ही टोकं एकमेकांना बांध, मग वेटोळं कर. मोकळं टोक गप बसत नाही. गाढव हिंदकळलं की ते शिरतं या वेढ्यातून त्या वेढ्यात."

"दोराला काय पाय फुटलेत?" गोजरा म्हणायची. "चला, ऊन चढतंय!"

असं करत ते एका कोरड्या गावी आले. तिथं महिनाभर खणलं, पण नुसता खडक. त्या सकाळीही गोजरानं दोर तसाच कोंबला, गाढव उड्या मारत विहिरीपाशी आलं. हैबती भिंतीतल्या खाचांत पाय रोवत खाली उतरला आणि त्यानं पहार घातली.

खडक फुटला. पाणी उसळलं. कडेची माती ढासळली, तिच्याबरोबर खाचाही गेल्या.

"गोजरे, दोर सोड!"

गोजरानं टोपली उपडी केली. दोर कसला, गाठींचा गोळाच! तिनं हिसका दिला. गाठ आवळली. दातांनी ओढलं. आणखी आवळली.

"अहो, पाणी कुठवर आलं?"

"कमरेपर्यंत! आंघोळ राहिलीच होती माझी!"

"थट्टा सुचते तुम्हाला!" ती रडकुंडीला आली. पुन्हा ओढू लागली.

"ओढतेस का गं? ओढू नको! टोक शोध!" आता तो खालून ओरडू लागला. "छातीला लागलं पाणी!"

गोजराचे हात धावायला बघत होते. तिनं ते गच्च दाबून धरले आणि एक श्वास घेतला. मग गोळा चाचपत टोक शोधलं. एका वेढ्यातून काढलं, दुसऱ्यातून काढलं. खालून हाक येईना. तरी तिनं हिसका दिला नाही. शेवटची गाठ ढिली झाली, तशी दोराचं एक टोक झाडाला बांधून दुसरं तिनं खाली सोडलं.

दोर ताणला गेला. आधी काठावर दोन हात आले, मग नाकातोंडात पाणी गेलेला हैबती. गोजरा त्याला बिलगली आणि वर भांडलीही, "हाक मारायला काय झालं होतं?"

गाव धावत आलं. त्या गावची रीत अशी, की नव्या विहिरीची पहिली घागर खणणाऱ्याच्या उंबऱ्यावर ओतायची. म्हातारी पाटलीण भरली घागर घेऊन उभी राहिली.

"कुठं आहे गं तुझा उंबरा?"

गोजरानं गाढवाकडं बोट दाखवलं.

"मग ही घागर काय डोक्यावर घेऊन बसू?" पाटलीण गावकऱ्यांवर कडाडली. "बघता काय? घर बांधा यांना!"

आठ दिवसांत घर उभं राहिलं. पाटलिणीनं उंबऱ्यावर घागर ओतली, आणि गोजरा पहिल्यांदा स्वतःच्या दारात निवांत बसली.

तात्पर्य: घाईनं कोंबलेला दोर ऐनवेळी अडवतो. गुंता झालाच, तर ओढू नये. आधी टोक शोधावं.