नगरभवनाची घंटा

फार वर्षांमागं एका नगरभवनात दिवसा सभा भरायची आणि संध्याकाळी नाटक रंगायचं. दोन्हींना पितळी घंटा एकच. नाटकाला तिसऱ्यांदा वाजली की पडदा वर जायचा.

एकदा अध्यक्षांची खुर्ची तिला टोचून म्हणाली, "तोंडं रंगवणाऱ्यांसाठी वाजतेस ना, बये? उद्या सभेत तुला भंगारात काढायचा विषय आहे."



दुसऱ्या दिवशी सभेत नुसता कालवा. अध्यक्षांचा घसा बसला. शिपायानं घंटा वाजवली, पुन्हा वाजवली, कुणी ढुंकून बघेना. तिसऱ्यांदा वाजली मात्र, सगळे सभासद चिडीचूप होऊन पडद्याकडे बघत बसले.

मग भंगाराचा विषय कुणी काढलाच नाही.

सभा उठल्यावर खुर्ची हळूच म्हणाली, "अगं, नाटकातल्या राजाला बसायला काही लागत असेल ना?"