टेकडीवरची पांढरी माणसं

ही फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या गावाचं नावही आता कुणाला आठवत नाही.

विणकरांचं गाव होतं ते. एका वर्षी तिथं पटकीची साथ आली आणि घरटी एक तरी माणूस घेऊन गेली. भीतीनं लोकांनी दारं लावून घेतली. पुढं साथ सरली, पण दारं काही उघडली नाहीत. एकमेकांकडे जायची सवयच मोडली होती.

त्याच सुमारास समोरच्या टेकडीवर काही अनोळखी माणसं येऊन राहिली. ती अंगाला पांढरी माती फासत. दिवस मावळायला लागला, की सगळी मिळून एकच सूर लावत. त्या सुराला शब्द नव्हते. तो कानावर आला, की गावातली कुत्री भुंकायची थांबत.

मग गावातली माणसं कमी होऊ लागली. आधी एक म्हातारा रंगारी टेकडीवर निघून गेला. त्याच्यामागून त्याची शेजारीण, तिच्यामागून तिची मैत्रीण. मागावर कापड अर्धवट, चुलीत राख, आणि घरात कुणी नाही.

गावाचा प्रमुख होता केरोबा. हा जादूटोणा आहे, असं तो सगळ्यांना सांगे. त्यानं टेकडीच्या वाटेवर काटे टाकले, पहारा बसवला. आठ दिवसांत पहारेकरीही वर निघून गेले. आणि एका सकाळी त्याच्याच घरात राहणारी त्याची विधवा बहीण तुळसा दिसेनाशी झाली.

केरोबा कुऱ्हाड घेऊन टेकडी चढला.

वर शंभरएक माणसं ओळीनं बसली होती. सगळ्यांचे चेहरे पांढरे. सगळ्यांचा श्वास एकाच वेळी आत जाई, एकाच वेळी बाहेर येई. मधोमध एक उंच आसन होतं. त्यावर कुणीच नव्हतं.

केरोबानं बहिणीला हाक मारली. एकही मान वळली नाही. तो एकेका चेहऱ्यापाशी वाकून पाहत गेला, तेव्हा त्याच्या लक्षात आलं, की आपल्याला आपली बहीण ओळखता येत नाही.

"दादा," एका बाईनं डोळे उघडले. आवाजावरून त्याला कळलं.

तुमचा गुरू कुठं आहे, असं त्यानं विचारलं.

"होता म्हणतात कुणीतरी. मी आले तेव्हाही आसन रिकामंच होतं."

"मग कुणासाठी आलीस?"

"आल्या दिवशी चौघींनी मला विचारलं, जेवलीस का. एकीनं केस विंचरून दिले. साथीत माझी लेक गेली, दादा. त्यानंतर तू तिचं नाव एकदाही काढलं नाहीस."

केरोबाच्या हातातली कुऱ्हाड खाली आली. तो म्हणाला, "चुकलं माझं. आता घरी चल. तुझ्या लेकीच्या, आपल्या गोदीच्या आठवणीसाठी तरी चल."

तुळसानं त्याच्याकडे शांतपणे पाहिलं.

"गोदी कोण?"

तो काही बोलायच्या आत तो सूर सुरू झाला. तिचे डोळे मिटले.

केरोबा एकटाच खाली आला. वाटेवरचे काटे त्यानं स्वतःच्या हातांनी उचलले. दुसऱ्या दिवशी त्यानं गावातलं पहिलं दार ठोठावलं. आत एक विणकर पांढरी माती कालवत बसला होता. केरोबानं मातीबद्दल अवाक्षर काढलं नाही. त्याच्याजवळ बसला आणि साथीत गेलेल्या त्याच्या बायकोबद्दल विचारलं. तो माणूस दिवस मावळेपर्यंत बोलत राहिला. टेकडीवरून सूर आला, तेव्हा दोघांनीही तो ऐकला. पण विणकर जागचा उठला नाही.

अशी केरोबानं गावात उरलेली सगळी दारं ठोठावली. त्या घरांतलं पुन्हा कुणी वर गेलं नाही. तुळसा मात्र शेवटपर्यंत खाली आली नाही.

तात्पर्य: आपलं माणूस दुःखात एकटं पडू दिलं, की त्याला विचारणारा पहिला कुणीही त्याला घेऊन जातो.