राई अस्वलाची, सल्ले सगळ्यांचे

डोंगरउतारावरच्या एका जंगलात एक अस्वल राहत होतं, आणि बरं का मुलांनो, तिथली एक राई चक्क त्याच्या मालकीची होती. आजोबांपासून चालत आलेली! राईच्या मधोमध मोहाचं जुनं झाड होतं. त्याच्या गोड फुलांवर अस्वलाचा अख्खा उन्हाळा निघायचा. पण दोन वर्षं झाली, मोह फुलतच नव्हता. येत्या उन्हाळ्यात खायचं काय, या काळजीने अस्वल पार वाळून गेलं.

त्यात स्वभाव असा भोळा, की जो येईल त्याचंच खरं. गवा म्हणाला, "सगळी झाडं पाडून टाक. बघ कसं छान गवत येतं!" अस्वलाने लगेच झाडाझाडावर चिखलाचा पंजा उमटवून खुणा केल्या. मग वानर आलं. "छे छे! एका फांदीला जरी हात लावलास तर खबरदार!" अस्वलाने मुकाट्याने सगळ्या खुणा पुसल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा गवा, पुन्हा चिखल! गव्याला चरायला गवत हवं होतं आणि वानराला उड्या मारायला फांद्या, हे तुम्हाआम्हाला कळतं. त्या बिचाऱ्याला कुठलं कळायला? शेवटी वैतागून त्याने समोर दिसेल त्या झाडाला खांदा लावला.

"अस्वलदादा, थांब!" वरून सुतारपक्षी ओरडला. "आधी सांग, या राईतून तुला काय हवंय?"

अस्वल मटकन खालीच बसलं. असं त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं! "मला ना... मोहाची फुलं हवीत. थोडा मध. आणि दुपारची सावली."

"मग चल, फिरून बघू." सुतारपक्षी एकेका खोडावर टकटक करत निघाला. "हे ठणठणीत आहे. हे पोकळ, पण आत मधाचं पोळं आहे. या दोघांनी मोहाचं ऊन अडवलंय. आणि हे वाळकं आतून किडलंय, वादळात मोहावरच कोसळेल. यात माझं घर आहे, पिलं आहेत, तेही सांगून ठेवतो."

"मग करू काय? तूच सांग की रे!"

"झाडांच्या पोटात काय आहे ते मी सांगितलं. ठरवायचं तू. राई तुझी आहे."

अस्वलाने डोकं खाजवलं, मोहाभोवती तीन फेऱ्या मारल्या आणि जन्मात पहिल्यांदा स्वतः ठरवलं. ऊन अडवणारी दोन झाडं पाडायची. पोळ्याचं झाड ठेवायचं. वाळकंही पाडायचं, पण पिलं उडून गेल्यावरच. ते ऐकून सुतारपक्ष्याचे डोळे भरून आले.

चैत्रात मोहाखाली फुलांचा हा एवढा सडा पडला! गवा आणि वानर वास काढत आले. "कुणी रे सांगितलं तुला हे असं करायला?"

"सांगितलं कुणीच नाही," अस्वल गालभर फुलं चघळत म्हणालं, "सुतारपक्ष्याने मला विचारलं!"

तात्पर्य : खरा सल्लागार आधी आपली गरज विचारतो, असेल ते खरं सांगतो आणि निर्णय ज्याचा त्याला घेऊ देतो.