नदीकाठच्या दाराची टिटवी

त्या राज्यात सगळं काही अग्निघोड्यांच्या पळण्यावर चालत असे. ते उगवतीच्या वाटेने बाहेर पडत, रहाट फिरवत, दिवे उजळत, कढया तापवत आणि मावळतीच्या वाटेने तबेल्यात परतत. मात्र त्यांच्या जिवाला ओढ होती मातीची. कुणी ओल्या अंगाने वाटेत सापडलं, की ते त्याच्या देहातून उडी घेऊन जमिनीत शिरत. मागे उरे ते गार पडलेलं अंग.

महाद्वारावर रेडा उभा असे. घोड्यांची झुंबड उडाली, भिंती तापू लागल्या, की तो दार लोटून घेई. नदीकाठी एक बगळा मरून पडला, तेव्हा तो म्हणाला होता, "झुंबड कुठे झाली होती? भिंती तर शाबूत आहेत." त्यानंतर राणीने नदीकाठच्या दारावर टिटवीला नेमलं.

टिटवी एक पाय जाणाऱ्या वाटेवर ठेवी, दुसरा येणाऱ्या वाटेवर. जितके घोडे गेले तितके परत येत असले, की दोन्ही पायांतली थरथर एकमेकींना मिटवून टाके. थोडी जरी तूट पडली, तरी उरलेली थरथर तिच्या गळ्याशी येई. ती ओरडे, दार धाडकन पडे आणि घोड्यांची ये-जा थांबे. त्यामुळे तिला स्वस्थता अशी नव्हतीच. सगळं सुरळीत असतानाही ती मान वेळावत राही.

कधी दमट हवेमुळे एखादा घोडा उगाच रेंगाळे, तरी दार पडे. सर्वांत जास्त चिडे ती रंगशाळेतली रेवा वानरी. नदीच्या पाण्यात उभी राहून ती कापडं रंगवी.

"अगं टिटवे, तुला काही कामधंदा आहे का? कढईतला रंग पार गोठला माझा!"

"घोडे कमी परतले, रेवाताई."

"मग परततील की सावकाश! कुठे पळून जातायत?"

उत्सव जवळ आला, तशी रेवा तक्रार घेऊन रेड्याकडे गेली. रेडा टिटवीसमोर येऊन उभा राहिला. "उत्सवाच्या दिवशी दार पडता कामा नये. आधी कुणाला तरी पाठव, खात्री कर, मग ओरड."

"दादा, खात्री होईपर्यंत घोडा कुणाच्या तरी काळजातून गेलेला असेल."

"भित्री आहेस तू," रेडा म्हणाला आणि निघून गेला.

तो शब्द टिटवीला लागला. त्या दिवसापासून तिला स्वतःच्याच पायांचा भरवसा वाटेना. ही थरथर खरी की आपलीच भीती, हे तिला कळेनासं झालं.

उत्सवाच्या सकाळी निशाणांची कापडं रंगायची होती. रहाट गरगरत होते, ढोल वाजत होते. टिटवीच्या पायांत बारीकशी थरथर उरली, दमट हवेत उरते तितकीच. रेड्याचं बोलणं तिला आठवलं, पण ते पुरतं आठवून होण्याआधीच तिच्या गळ्यातून आवाज फुटला होता.

दार पडलं. रहाट थांबले, मंडपातले दिवे विझले, ढोल अडखळले. चहूकडून शिव्या सुरू झाल्या. रेडा मातीची ढेकळं उडवत आला. "कोण मेलंय? दाखव मला!"

टिटवी रंगशाळेकडे उडाली आणि रेडा तिच्यामागून गेला.

रेवा अगदी काठाशी, घोटाभर पाण्यात उभी होती. घोडे बाहेर निसटू नयेत म्हणून रहाटाच्या लोखंडावर मढवलेलं कातडं एका ठिकाणी विरलं होतं आणि नेमका तिथेच तिचा ओला तळवा टेकला होता. दार पडायच्या क्षणीच तिने तो दचकून मागे घेतला होता.

"काय झालं?" रेड्याने विचारलं.

"काही नाही. मुंगी चावल्यासारखं झालं." ती बोटं उघडझाप करत राहिली. मग टिटवीला बोलायला तिने तोंड उघडलं, पण तेवढ्यात तिची नजर खाली गेली.

काठाच्या चिखलात, तिच्या पावलांना अगदी लागून, एका खुराचं नुसतं टोक उमटलं होतं. त्याच्यापुढे दुसरा खूर उमटला नव्हता.